ज्वारीची हाक आणि टारफुल्याची चोरी

भगिनींनो, भाकरी हल्ली गरिबाचं अन्न राहिलेली नाही, हे तुम्हांला कुणी सांगायला नको. किराणा दुकानात ज्वारीचा भाव विचारला की कित्येकदा तो गव्हाच्या वर निघतो. डॉक्टर म्हणतात भाकरी खा, सासूबाई तर आधीपासून म्हणतच होत्या, आणि २०२३ हे साल तर साऱ्या जगाने भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शेगावच्या गजानन महाराजांचा नैवेद्य म्हटला की झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी. महालक्ष्म्यांच्या पानात ज्वारीची आंबील नसली तर आपल्या वऱ्हाडात पान पुरं होत नाही. अशी ही ज्वारी आपण निवडतो, दळून आणतो, पिठाला विरी गेली का म्हणून तपासतो. पण ती वावरात उभी असताना तिच्या मुळाशी बसून तिचं ताट ओढून घेणारा एक चोर असतो. त्याची गाठ शहरातल्या बाईला सहसा पडत नाही.

या चोराचं नाव टारफुला. शंकर पाटलांच्या गाजलेल्या कादंबरीमुळे हा शब्द तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या कानांवरून गेला असेल. ते नाव ज्यावरून आलं, ते झाड मात्र फार थोड्याजणींनी पाहिलं असेल. गावोगाव त्याला वेगवेगळी नावं आहेत. आज त्याची नीट ओळख करून घेऊ या. तुम्ही म्हणाल, आम्ही मलकापूर-खामगावात राहणाऱ्या, आम्हांला शेतातल्या तणाशी काय करायचंय? पण आपल्यापैकी कितीतरी जणींचं सासरचं नाही तर माहेरचं पाच-दहा एकर वावर अजून गावाकडे आहे. कुणाचं मक्त्याने दिलेलं, कुणाचं बटईने. त्या वावराबद्दल घरात बोलणं निघालं की आपणही दोन शब्द जाणून बोललेले बरे, नाही का?

दिसायला किती साळसूद!

टारफुला दिसायला मुळीच भयंकर नाही. वीतभर, फार तर हातभर उंचीचं हिरवं झाड. पानं अरुंद, लांबट, हाताला खरखरीत लागणारी. शेंड्याकडे पानांच्या बगलेत इवली इवली फुलं. फुलाची नळी वरच्या टोकाशी एकदम वाकलेली असते, जणू कुणी मान वळवून बघावं. ही टारफुल्याची हमखास खूण. आपल्याकडे ही फुलं बहुतेक पांढरी असतात. गंमत अशी, की याच जातीची फुलं आफ्रिकेत लालभडक असतात. शास्त्रीय भाषेत याचं नाव स्ट्रायगा. ज्वारीवर येणाऱ्या याच्या दोन जाती महाराष्ट्रात आढळतात, एक स्ट्रायगा एशियाटिका आणि दुसरी स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा.

इंग्रजीत याला चेटकिणीचं तण म्हणतात, आणि लॅटिन भाषेत स्ट्रिगा या शब्दाचा अर्थही चेटकीणच. पाहा हं, चोरी झाडाने केली आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा आठवली ती बाईच! पण ते नाव पडायला कारणही तसंच आहे. टारफुला मातीच्या वर दिसायच्या आधीच ज्वारी वाळायला लागते. पाऊस चांगला झालेला असतो, जमिनीत ओल असते, तरी ताटं पाणी न मिळाल्यासारखी मान टाकतात. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, कणीस येतं ते बारकं. शेतकऱ्याला वाटतं, काहीतरी करणी झाली. आणि मग चार-सहा आठवड्यांनी बुडख्याशी ही निरागस पांढरी फुलं वर येतात. तोवर चोर पोटभर जेवून झालेला असतो.

धुळीएवढं बी, पण धीर केवढा!

टारफुल्याचं बी डोळ्यांना बी म्हणून दिसतच नाही. तपकिरीची चिमूट पडावी तशी ती नुसती भुकटी. एका बियाची लांबी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर. आपण शिऱ्यावर टाकतो त्या खसखशीच्या एका दाण्याच्या लांबीत टारफुल्याची तीन-चार बियं ओळीने बसतील. एका झाडाला अशी बियं हजारोंनी येतात. चांगल्या वाढलेल्या झाडावर ती ५० हजारांच्या घरातसुद्धा जातात. वाऱ्याने, पुराच्या पाण्याने, वखराच्या पासेला चिकटलेल्या मातीने, ढोरांच्या शेणातून आणि शेजारणीकडून हौसेने आणलेल्या बियाण्यातूनही ती एका वावरातून दुसऱ्यात जातात.

एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? ज्वारीच्या दाण्यात पीठ असतं. कोंब फुटला की मूळ धरेपर्यंत ते त्याला पुरतं. टारफुल्याच्या बियाकडे जेमतेम थोड्या दिवसांचं अन्न असतं. तेवढ्या अवधीत दुसऱ्याच्या मुळाला चिकटता आलं नाही तर तो कोंब उपाशी मरतो. म्हणून हे बी ज्वारीसारखं नुसत्या पावसाने उगवत नाही. ते वाट बघतं.

आणि किती वाट बघतं म्हणता? एक हंगाम नाही, दोन नाही, मातीत पडल्या पडल्या १५-२० वर्षांपर्यंत ते जिवंत राहू शकतं. आपल्या घरात जन्मलेली मुलगी दहावी पास होऊन कॉलेजात जाईल, तोवर हे बी वावरात मुकाट पडून असतं.

ज्वारी हाक मारते, चोर ऐकतो

मग त्याला कळतं कसं, की आता उठायची वेळ झाली? खरी नवलाची गोष्ट इथेच आहे.

आधी पाऊस पडून माती उबदार आणि ओलसर अशी आठवडा-दोन आठवडे राहावी लागते. तेवढ्याने बी जागं होतं, पण उठत नाही. मग ज्वारीचं मूळ वाढत वाढत त्याच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरांवर आलं, की त्या मुळातून पाझरणाऱ्या एका द्रव्याचा वास म्हणा, चाहूल म्हणा, या बियाला लागते. ती लागली की मगच कोंब फुटतो. मुळाला भिडल्यावर कोंबाचं टोक फुगतं आणि ते ज्वारीच्या मुळाची साल भेदून आत, थेट तिच्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोचतं. शास्त्रज्ञ याला शोषक मूळ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शेजाऱ्याच्या नळाला चोरून जोडलेली तोटी! ज्वारीने मातीतून ओढलेलं पाणी, क्षार, आणि पानांत रांधलेलं थोडं अन्नही, सारं तिकडे वळतं.

आता तुम्ही विचाराल, ज्वारी मुळी असलं द्रव्य सोडतेच कशाला? आपल्या घराचा पत्ता चोराला कुणी देतं का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही कितीतरी वर्षं पडला होता. उत्तर मिळालं ते २००५ साली, जपानी संशोधकांकडून. हे द्रव्य चोरासाठी नसतंच मुळी. जमिनीत एक उपयोगी बुरशी असते. ती झाडाच्या मुळांशी मैत्री करते, आपल्या तंतूंनी दूरवरून स्फुरद वेचून झाडाला आणून देते आणि बदल्यात थोडी साखर घेते. दोघांचा संसार सुखाने चालतो. त्या मैत्रिणीला बोलावण्यासाठी ज्वारी मुळांतून ही हाक घालते. टारफुला ती हाक वाटेत ऐकतो आणि मैत्रिणीच्या आधी दाराशी येऊन उभा राहतो. पुढे २००८ साली असंही कळलं, की याच जातीची द्रव्यं झाडाला फांद्या किती फुटाव्यात हेही ठरवतात. म्हणजे ही द्रव्यं झाडाच्या घरकामातलीच. ज्वारीने ती सोडूनच दिली तर तिचंच नुकसान.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जमीन जितकी निकस, जितकी स्फुरद आणि नत्राला मोताद, तितकी ज्वारी जास्त मोठ्याने हाका मारते, कारण तिला मदतीची गरजच जास्त असते. म्हणून टारफुला खतपाणी मिळालेल्या वावरापेक्षा हलक्या, उपाशी जमिनीतच जास्त माजतो. आधीच अडचणीत असलेल्या घरातच चोर शिरावा, तसलं हे दुर्दैव.

पऱ्हाटीने केलेली फजिती

आता या गोष्टीत आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा भाग येतो. हाक मारणारी ज्वारी एकटीच नाही. आपली पऱ्हाटीसुद्धा मुळांतून तेच काम करणारं द्रव्य सोडते. किंबहुना टारफुल्याला उठवणारं हे द्रव्य जगात पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते ज्वारीच्या मुळांतून नव्हे, तर कापसाच्याच! १९६६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कापसाच्या मुळांच्या पाझरातून ते मिळवलं आणि टारफुल्याच्या नावावरून त्याला स्ट्रिगॉल असं नाव दिलं.

पण कापसाच्या मुळात टारफुल्याला शिरताच येत नाही. हाक ऐकून बी उठतं, कोंब फुटतो, मुळाशी जातो, आणि दार बंद! परत बी होऊन झोपणं काही जमत नाही. शिदोरी संपते आणि कोंब मरून जातो. चोराला आमंत्रण देऊन उपाशी परत पाठवणारी अशी ही पऱ्हाटी. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि जवस ही पिकंही हेच करतात. शेतीशास्त्रात यांना सापळा पिकं म्हणतात.

आपल्या भागात घाटाखाली, पूर्णेच्या काठच्या काळ्या जमिनीत, पिढ्यान्‌पिढ्या काय चाललं होतं ते आठवा. एका साली पऱ्हाटी, दुसऱ्या साली ज्वारी, मधून तुरीची ओळ, कुठे मूग-उडीद. म्हातारी माणसं म्हणत, कापसाचा बेवड ज्वारीला चांगला. बेवड म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेली जमिनीची स्थिती. तो चांगला का, याची कारणं एकाहून जास्त आहेत. पण त्यांतलं एक कारण असं मातीखाली, कुणाच्या नजरेला न पडता घडत होतं. पऱ्हाटी उभी असताना टारफुल्याची कितीतरी बियं फसून उठत होती आणि मरत होती.

एक सावधगिरी मात्र हवी. पिकाची फेरपालट म्हणजे नुसतं पीक बदलणं नव्हे. ज्वारीनंतर मका घेतला, तर ती फेरपालट टारफुल्याला मानवणारीच आहे. मका, बाजरी, ऊस ही सगळी गवताच्या जातीची पिकं, आणि टारफुला यांच्यावरही जगतो. आपल्या जिल्ह्यात मक्याचा पेरा कमी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

जग या चोरामागे कसं लागलं

ज्वारीचं माहेर आफ्रिका. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडे माणसाळली आणि समुद्र ओलांडून आपल्याकडे सून म्हणून आली ती इथलीच झाली. टारफुल्याच्या जातीही सगळ्यांत जास्त आफ्रिकेतच आहेत. तिकडची स्ट्रायगा हर्मोन्थिका नावाची मोठी बहीण गुलाबी-जांभळ्या फुलांची, उंच आणि देखणी. पण तिने ज्वारी, बाजरी आणि मक्याची शेतंच्या शेतं बसवली आहेत. तिकडेही निंदण करणाऱ्या बहुतेक बायाच. एका चोरामुळे कोट्यवधी लोकांच्या तोंडचा घास कमी होतो.

अमेरिकेत हा पाहुणा १९५६ साली दोन्ही कॅरोलिना राज्यांतल्या मक्यात सापडला. मग सरकारने कंबर कसली. त्या भागातून माती, गवत, अवजारं बाहेर नेण्यावर बंधनं आली. जमिनीत इथिलीन वायू सोडला गेला. हो, आंबे-केळी पिकवायला वापरतात तोच! त्या वायूनेही टारफुल्याचं बी फसून उठतं आणि मरतं. चार लाख एकरांहून अधिक जमिनीत पसरलेलं तण अशा रीतीने अगदी थोड्या जागेवर आणून ठेवलं. पण त्याला कितीतरी दशकं लागली आणि पैसा पाण्यासारखा गेला. आपल्या शेतकऱ्याने वायूची नळकांडी कुठून आणायची?

म्हणून सगळ्यांत मोलाचं काम झालं ते बियाण्याचं. इथिओपियातल्या एका खेड्यात, एका खोलीच्या झोपडीत गेबिसा एजेटा नावाचा मुलगा जन्मला. आई शिकलेली नव्हती, पण मुलाने शिकावं हा तिचा ध्यास. शाळा वीस किलोमीटरांवर. दर रविवारी तो चालत जायचा आणि शुक्रवारी चालत घरी यायचा. हाच मुलगा पुढे अमेरिकेत ज्वारीचा मोठा शास्त्रज्ञ झाला. टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केले आणि ते आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. २००९ साली त्याला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या वाणांतलं मर्म साधं आहे : त्यांच्या मुळांची हाक अशी असते, की टारफुल्याच्या बियाला ती नीटशी ऐकूच येत नाही.

आपला देशही यात मागे नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत टारफुल्याला तोंड देणाऱ्या ज्वारीवर पुष्कळ काम झालं. एन-१३ नावाची एक भारतीय ज्वारी तर या विषयाच्या अभ्यासकांत जगभर प्रसिद्ध आहे. ती हाक मारते, चोर येतोही, पण तिच्या मुळाची भिंत इतकी जाड, की त्याला घर फोडता येत नाही! आपल्याला जवळचं म्हणजे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. ते १९६९ साली सुरू झालं आणि तिथे ज्वारीवर संशोधन होतं. कोणता वाण पेरावा याचा सल्ला दुकानदारापेक्षा तिथून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घेतलेला केव्हाही चांगला.

देव्हाऱ्यातला परोपजीवी

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या झाडांना परोपजीवी म्हणतात. पण हीसुद्धा सगळी एका माळेतली नसतात. टारफुला हिरवा आहे, म्हणजे स्वतः थोडं रांधतो आणि बाकीचं चोरतो. आपण सहाणेवर उगाळतो ते चंदनही याच वर्गातलं, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल! चंदनाची मुळं आसपासच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी तूर किंवा तसलं काही सोबतीला लावतात. सोबत नसली तर ते रोप खुरटतं.

याउलट अमरवेल. तिला पानं नाहीत की हिरवेपणा नाही. पिवळ्या शेवया पसराव्यात तशी ती दुसऱ्यावर पसरते आणि सगळंच त्याच्याकडून घेते. विदर्भात सोयाबीनमध्ये ती डोकेदुखी होऊन बसली आहे. तंबाखू-वांग्याच्या मुळांवर येणारा बंबाखूही तसलाच. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ टारफुल्याला दुसऱ्या कुळात घालत, आता तो याच बंबाखूच्या कुळात मोजला जातो.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे तर या सगळ्यांवर कडी करणारी एक वनस्पती आहे, हिडनोरा नावाची. ती वर्षानुवर्षं जगते, पण जमिनीखालीच. पान नाही, खोड वर दिसत नाही. शेराच्या जातीच्या झुडपांच्या मुळांवर ती पोसली जाते. चांगला पाऊस झाला की मातीतून एकदम जाडजूड, मांसल फूल वर येतं आणि शेणासारखी दुर्गंधी सोडतं. त्या वासाला भुलून भुंगेरे आत शिरतात, थोडा वेळ अडकतात आणि बाहेर पडताना पराग घेऊन जातात. फळ जमिनीखाली धरतं आणि कोल्हे ते उकरून खातात. निसर्गाने संसाराच्या किती तऱ्हा केल्या आहेत, पाहा!

आणि बांडगूळ तर आपल्या अंगणातलंच. आंब्यावर ते वर्षानुवर्षं बसून असतं. फुलटोचा हा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो, आणि चिकट बी फांदीला घासून पुसून टाकतो. तिथेच नवं बांडगूळ रुजतं.

उपटायचं कधी आणि कुणी?

आता मुद्द्याचं. टारफुल्यावर सगळ्यांत जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे तो फुलण्याआधी उपटणे. उगवून वर आल्यावर साधारण महिनाभरात त्याला फुलं येतात, मग बोंडं, मग ती भुकटी. म्हणजे हाताशी वेळ असतो तो तीन-चार आठवड्यांचा.

पण अडचण कुठे आहे ते पाहा. जूनच्या शेवटी-जुलैत पेरलेल्या ज्वारीचं निंदण आणि डवरण आटोपतं श्रावणापर्यंत. टारफुला वर येतो त्यानंतर, महालक्ष्म्यांच्या सुमाराला. तेव्हा निंदणाऱ्या बाया दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात, घरात सणाची गडबड असते, आणि ज्वारी डोक्याएवढी झालेली असते. पुन्हा एकदा मजुरी कोण देणार? शिवाय नुकसान व्हायचं ते जमिनीखाली होऊन गेलेलं. आज उपटून या सालच्या कणसात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या सालच्या कणसात.

इथेच मक्त्याच्या वावराची गोम आहे. ज्याने एका सालापुरतं वावर घेतलं, त्याने पुढच्या सालच्या पिकासाठी आज बायांना मजुरी का द्यावी? त्याचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. आणि मालक राहतो शहरात. म्हणजे टारफुला उपटायचा कुणी, याला उत्तरच राहत नाही. बोंडं तडकतात आणि १५-२० वर्षांची ठेव मातीत जमा होते. ही ठेव व्याजासकट फेडायची पाळी येते ती आपल्याच मुलांवर.

म्हणून बोलणी करताना, कागद लिहिताना, आपल्या घरच्या माणसाला एवढं सांगा : मक्त्याच्या अटीत एक ओळ घाला, की ज्वारी किंवा मका पेरला तर भाद्रपदात एकदा टारफुल्याची उपटणी व्हावी, आणि त्या एका दिवसाच्या मजुरीचा अर्धा वाटा मालकाने द्यावा. जास्त खर्चाचं काम नाही. आणि ती मजुरी ज्या बायांच्या हातात पडेल, त्यांना झाड कोणतं आणि ते का उपटायचं, हेही सांगायला हवं. निंदणाऱ्या बाईला तण ओळखता येतं ते कुठल्याही पदवीधरापेक्षा चांगलं. तिला फक्त कारण सांगा.

हे लक्षात असू द्या

• टारफुला फुलण्याआधीच उपटा. फूल किंवा बोंड धरलं असेल तर उपटलेली झाडं धुऱ्यावर टाकू नका, एका जागी गोळा करून जाळा.

• बोंडं धरलेला टारफुला ढोरांपुढे किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. शेणखताबरोबर त्याचं बी परत वावरात येतं.

• ज्या वावरात टारफुला आहे, तिथलं ज्वारीचं बियाणं घरचं म्हणून जपून ठेवू नका आणि नात्यात वाटूही नका.

• अशा वावरात दोन-तीन सालं पऱ्हाटी, सोयाबीन किंवा भुईमूग येऊ द्या. ज्वारी पेराल तेव्हा शेणखत भरपूर घाला, आणि मधून तूर, मूग किंवा चवळी असू द्या.

• टारफुला असलेल्या वावरातून वखर-डवरे बाहेर काढताना त्यांची माती तिथेच झाडा.

• अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ दिसलं तर नुसती पानं ओरबाडू नका, ते पुन्हा फुटतं. ते बसलं आहे त्याच्या खाली वीतभर अंतरावर फांदीच कापून टाका, तेही फळं पिकण्याआधी.

• कुंपणावर अमरवेल दिसली तर ती जिच्यावर आहे ती डहाळी कापून सगळंच जाळा. तिचा एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा पसरते.

भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात आज खरिपात जिकडे-तिकडे सोयाबीन दिसतं. ज्वारीचा पेरा आटला, तसा टारफुलाही नजरेआड झाला. सोयाबीनने त्याची पुष्कळ बियं फसवून मारलीही असतील. पण काही वावरांत ती अजून पडून आहेत, वाट बघत. ज्वारीला चांगला भाव आहे, भाकरीला मान आहे, तेव्हा ज्वारी पुन्हा घरच्या वावरात यावी असं कुणालाही वाटेल. ती येईल तेव्हा मातीखाली मैत्रिणीसाठी हाक घालेलच. त्या हाकेला पहिल्यांदा कोण ओ देतं, हे थोडंफार आपल्याही हातात आहे. यंदा महालक्ष्म्या बसल्या की गावाकडे एक फोन करा आणि विचारा, "वावरात पांढरी फुलं दिसतात का हो?"